वर्तमान व भावी : कुडाळ-प्रभावळीच्या सुभेदारांविषयी

सरकारी कचेरीत मोठ्या साहेबांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक लाकडी फलक असतो. आजवर त्या खुर्चीत बसून गेलेल्यांची नावे त्यावर ओळीने रंगवलेली असतात, आणि पुढे ‘पासून’ व ‘पर्यंत’ असे दोन रकाने. शेवटच्या नावापुढचा ‘पर्यंत’चा रकाना तेवढा कोरा. महाविद्यालयाच्या एका कामासाठी सिंधुदुर्गनगरीस, म्हणजे बोलीभाषेतल्या ओरोसला, गेलो असताना अशाच एका फलकासमोर तासभर बसण्याचा योग आला. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्यामुळे इथल्या कोणत्याही फलकाची सुरुवात त्यामागे जाऊ शकत नाही. परंतु ओरोस हे गाव कुडाळ तालुक्यात मोडते, आणि कुडाळ हे तर जुने सुभ्याचे ठिकाण. फलक मागे वाढवीत नेला तर १६७१ या सालासमोर कोणाचे नाव लिहावे लागेल, हे शिवकालीन पत्रे शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना ठाऊक असते. ते नाव नरहरी आनंदराव.

ठाऊक असते म्हणजे काय, तर एका पत्राच्या मायन्यात ते आलेले असते. आमच्या वर्गांत शिवकालीन पत्रांचा अभ्यास होतो तेव्हा सारे लक्ष पत्र लिहिणाऱ्याकडे असते. ते स्वाभाविकही आहे. पण ही पत्रे ज्यांच्या नावे निघाली, ते सुभेदार कोण, त्यांचा अधिकार किती, त्यांच्यावर ओझे कसले, याविषयी एखाद्या तळटीपेपलीकडे आम्ही जात नाही. प्रस्तुत लेखात त्या खुर्चीकडे थोडे पाहावयाचे आहे.

‘सुभेदार’ हा शब्द उच्चारला की मराठी मनाला पहिली आठवतो तो कल्याणचा सुभेदार. आणि तोही स्वतःच्या नावाने किंवा कर्तृत्वाने नव्हे, सुनेमुळे. कथा इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते हा वाद येथे नको. मौज एवढीच, की आपल्या लोककथेतल्या सर्वांत प्रसिद्ध सुभेदाराला कथेत काही कामच नाही. तो सासरा आहे. असो.

शब्द मोगलांकडचा. अकबराने १५८० साली आपले साम्राज्य बारा सुभ्यांत वाटले, आणि एकेका सुभ्याचा विस्तार एखाद्या स्वतंत्र राज्याएवढा होता. लाल महालात बोटे गमावून गेलेला शायिस्तेखान हा दख्खनचा सुभेदार होता, तो या अर्थाने. स्वराज्यातला सुभा त्या मानाने फारच लहान. आजच्या काही तालुक्यांएवढा. सभासदाच्या बखरीनुसार सुभेदारास सालीना चारशे होन आणि पालखीचा मान, त्याच्या मजमूदारास शंभर-सव्वाशे होन. म्हणजे दोघांचे शब्द एक असले तरी मोगल सुभेदार हा प्रतिबादशहा, आणि आपला सुभेदार हा पगारी चाकर. ‘गव्हर्नर’ या शब्दाचा मराठीत विचार करताना हा फरक विसरून चालत नाही. ज्या वर्षी नरहरी आनंदराव कुडाळास होते त्याच वर्षी मुंबईत जेराल्ड आंजिअर कंपनीचा गव्हर्नर होता (१६६९ ते १६७७). त्याचे मालक समुद्रापलीकडे. पत्र जाऊन उत्तर यावयास वर्ष उलटे. नरहरी आनंदरावांचे धनी रायगडावर, आणि त्यांना बारदेशातल्या मिठाचा भाव ठाऊक होता!

आता ते मिठाचे पत्र. डिसेंबर १६७१ चे. कुडाळच्या दक्षिणेला, पेडणे ओलांडून गेले की बारदेश लागे, आणि बारदेश पोर्तुगीजांकडे होता. (पेडणे तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हते, ते पुढे शंभरावर वर्षांनी गेले.) बारदेशचे मीठ स्वस्त. घाटावरचे व्यापारी साहजिकच तिकडे वळू लागले, आणि उत्तरेकडे संगमेश्वराच्या बाजूला पिकणाऱ्या स्वराज्यातल्या मिठाला गिऱ्हाईक उरेना. महाराज नरहरी आनंदरावांना कळवतात ते थोडक्यात असे: बारदेशातून घाटाकडे जाणाऱ्या मिठावर जबर जकात बसवा, संगमेश्वरी मीठ काय दराने पडते त्याचा हिशेब करून ती अशी बसवा, की बारदेशी मीठ त्याहून महागच पडावे. तसे न झाले तर आपल्या मुलखातला मिठाचा व्यापार बुडेल आणि बंदरेही बसतील.

अर्थशास्त्राचे सहकारी या पत्राला संरक्षक जकातीचा नमुना म्हणतात, ते बरोबरच आहे. आमचे कुतूहल निराळे आहे. कुडाळच्या सुभेदाराला हे काम सांगताना महाराजांनी त्याच्याच सुभ्याचे थोडे नुकसान त्याच्या गळ्यात बांधले आहे. बारदेशी मीठ कुडाळ मुलखातून घाटावर चढे, म्हणजे त्याची वाट, त्याचे बैल, त्याचा नाक्यावरचा पैसा हा कुडाळचा. जकात जबर झाली की माल आटणार, आणि माल आटला की कुडाळचा वसूल घटणार. लाभ व्हायचा तो संगमेश्वरास, दुसऱ्याच्या सुभ्यास. नुसत्या आपल्या महालाचा ताळेबंद पाहणाऱ्या अधिकाऱ्याला हा हुकूम कडूच लागला असता. सुभेदाराने आपल्या सुभ्यापुरते पाहू नये, सबंध राज्याचे पाहावे, ही अपेक्षा या पत्रात कोठे सूत्ररूपाने सांगितलेली नाही. ती मिठाच्या दरात आहे.

जाता जाता एक. याच किनाऱ्यावर, वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याला, मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते सर फ्रेडरिक साइक्स. १६७१ ची जकात परक्यांच्या मिठावर होती. १९३० चा कर आपल्याच खाजणात पिकलेल्या मिठावर. दोन्ही वेळा प्रांताचा अधिकारी मध्ये उभा होता, पण कोणाच्या बाजूला पाठ करून, हे पाहण्यासारखे आहे. त्या दिवसांत शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर शिक्षक होते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.

नरहरी आनंदरावांना आलेले पत्र सूचनेचे आहे. त्यात राग नाही. रागाचे पत्र शेजारच्या सुभ्यात गेले. मामले प्रभावळी हा मुलूख आजच्या रत्नागिरी जिल्ह्यात येतो. लांजे तालुक्यातले प्रभानवल्ली हे गाव त्याचे नाव अजून सांभाळून आहे. तेथील सुभेदार जिवाजी विनायक. जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी त्यांना लिहिलेले पत्र हे शिवकालीन पत्रांतले बहुधा सर्वांत कठोर. प्रसंग असा: जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी राजापुरीसमोर पद्मदुर्ग उभा राहत होता. दर्यासारंग आणि दौलतखान आरमार घेऊन तेथे होते. आरमाराच्या खर्चासाठी पैका आणि गल्ला प्रभावळीच्या सुभ्यावर लावून दिलेला, म्हणजे वरात काढलेली. जिवाजी विनायकांनी तो पोचवला नाही. महाराज विचारतात, की हबशाने तुम्हांस काही देऊन आपले चाकर तर केले नाही ना? आणि पुढे बजावतात, की तुम्ही ब्राह्मण आहात म्हणून कोणी भीड धरील या भ्रमात राहू नका.

हे शेवटचे वाक्य हल्ली फार चालते. व्याख्यानांत, पुस्तिकांत, भिंतीवरच्या पत्रकांत. एका बाजूने ते जातीवरचा ठपका म्हणून आणि दुसऱ्या बाजूने त्याचा खुलासा म्हणून. आम्ही वर्गात हे पत्र घेतो तेव्हा बाकांवर एक सूक्ष्म चुळबुळ होते, ती आता आमच्या सवयीची झाली आहे. दोन्ही बाजूंना पत्रातला गल्ला दिसत नाही, ही आमची तक्रार. ते वाक्य जातीविषयी बोलते, पण कशासाठी? हुद्द्यापासून जन्म वेगळा काढण्यासाठी. सुभेदाराच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला जन्माची सवलत मिळणार नाही आणि तिच्या बळावर वरात अडवता येणार नाही, एवढे ते सांगते. त्यावरून एका सबंध जातीचा निवाडा करणारा आणि त्यावर पांघरूण घालू पाहणारा, दोघेही जिवाजी विनायकांना जी सवलत नाकारली गेली तीच, उलटसुलट करून, परत देतात: माणसाला हुद्द्याऐवजी जातीने मोजतात.

आणखी एक गोष्ट तारखेवरून दिसते. जानेवारी महिना म्हणजे कोकणात भात झोडून, वाळवून कणगीत जाऊन दीड-दोन महिने झालेले. वर्षभरात गल्ला हाताशी असण्याचा हाच काळ. पावसाळ्यात वरात थकली असती तर समुद्र बंद, वाटा बंद, असे काही सांगता आले असते. जानेवारीत ते सांगता येत नाही. महाराजांच्या संशयाला धार आहे ती या हंगामाची, असे आम्हांस वाटते. लाच घेतल्याचा आरोप हा प्रश्नाच्या रूपात आहे. गल्ला न पोचल्याचा आरोप मात्र प्रश्न नाही.

आता वीस महिन्यांच्या आत, ५ सप्टेंबर १६७६ रोजी, त्याच प्रभावळी मामल्याच्या सुभेदाराला दुसरे पत्र जाते. खुर्चीत माणूस बदललेला आहे: रामाजी अनंत. सूर पुष्कळ मवाळ, पण आरंभीच त्याला त्याने घेतलेल्या शपथेची आठवण दिली आहे. चोरी करणार नाही, इमानाने वागेन, असे तू बोलला आहेस. तर मग रयतेच्या भाजीच्या देठावरसुद्धा मन जाऊ देऊ नकोस. देठाची ही प्रतिमा आता एवढी प्रसिद्ध झाली आहे की तिच्यापुढचा मजकूर वाचायला कोणी थांबत नाही. आणि खरा सुभा तर पुढे आहे. गावोगाव हिंड. कुणबी गोळा कर. ज्याच्यापाशी माणूसबळ आहे पण बैल नाहीत, पोटाला दाणे नाहीत, त्याचे शेत अडून राहील; त्याला बैलांसाठी रोख पैसा दे, पोटाला खंडी-दोन खंडी दाणे दे. दिलेले परत घे ते व्याजाशिवाय, केवळ मुद्दल, तेही त्याला शक्ती येईल तसतसे. या कामी दोन लाख लारी खर्च झाली तरी चालेल. (लारी म्हणजे चांदीची तार दुमडून केलेले नाणे, आदिलशाही कोकणातून ते चालत आलेले.) मागची बाकी बुडीत असेल तर माफीसाठी कळव. वसुलात आलेले नारळ, खोबरे, सुपारी, मिरे कोणत्या वेळी विकायचे त्याचे हुन्नर ठेव. साठवून ठेवून भाव येईल तेव्हा काढ.

पहिल्या पत्रात सुभेदाराने ताबडतोब द्यायचे आहे. दुसऱ्यात त्याने सावकाश घ्यायचे आहे. एकाच खुर्चीवर दोन हुकूम. पद्मदुर्गाच्या तटाखाली उभे असलेले गलबत थांबू शकत नाही, आणि कुणब्याच्या गोठ्यातला नवा बैल पहिल्याच वर्षी कर्ज फेडू शकत नाही. या दोहोंच्या मधले जे अंतर, त्याचे नाव सुभेदारी. महाराजांना हे अंतर दिसत होते, याचा पुरावा दुसऱ्या पत्रातच आहे: रयतेवर एकदम हात न टाकता वसूल वाढवायचा तर आधी दोन लाख लारींची पदरमोड करावी लागते, आणि साठवणीतल्या सुपारी-मिऱ्यांना योग्य वेळी भाव मिळवावा लागतो. जिवाजी विनायकांच्या वाट्याला हे दुसरे पत्र आले असते तर त्यांनी काय केले असते, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याला उत्तर देण्याच्या मोहात पडू नये. पण दोन्ही पत्रे एका तासाला, एकापाठोपाठ वाचावीत, एवढा आग्रह आम्ही सहकाऱ्यांना धरतो. निरनिराळ्या सत्रांत वाचली की एकातून ‘कठोर राजा’ निघतो आणि दुसऱ्यातून ‘कनवाळू राजा’. सुभेदार दोन्हींकडे निसटतो.

या सुभेदारांच्या डोक्यावर दक्षिण कोकणात अण्णाजी दत्तो होते. जमीन काठीने मोजून धारा ठरवण्याच्या त्यांच्या कामाची आठवण ‘अण्णाजींची धारा’ म्हणून पुढच्या पिढ्यांत राहिली. तरी अण्णाजी आज नाटक-कादंबऱ्यांतून भेटतात ते मोजणीसाठी नव्हे, तर १६८१ साली संभाजी महाराजांविरुद्धच्या कटात त्यांना देहदंड झाला म्हणून. कारभारी माणूस वाङ्मयात येतो तो कारभार सोडून भलतेच काही केल्यावर. हा मराठी ऐतिहासिक कादंबरीवरचा ठपका समजावा, हवे तर.

सुभा टिकला नाही, त्याचे कारण मात्र कटात नसून वतनात आहे. सुभेदार बदलीचा, वतनदार पिढीजात. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी वतनदारांना राज्याचे भाऊबंद, हिस्सा मागणारे दायाद मानले आहे. ते ज्या बावड्याचे, तो गगनबावडा कुडाळ-वैभववाडीच्या माथ्यावरच उभा. वतनदारांचा जोर त्यांनी वरून पाहिलेला होता. कुडाळात सावंत हे जुने देसाई. लखम सावंतांनी महाराजांशी कधी करार केला, कधी मोडला. १६६४ च्या अखेरीस आदिलशाही सरदार खवासखानाशी महाराजांची गाठ पडली तीही कुडाळासच. पुढे शाहूंच्या कारकिर्दीत हा मुलूख वाडीच्या सावंतांकडे कायम झाला, आणि कुडाळला बाहेरून सुभेदार येण्याचे दिवस सरले. खुर्ची हरली, ओसरी जिंकली.

पेशवाईत कोकणचे सरसुभेदार म्हणून नाव घ्यावे लागते ते रामाजी महादेव बिवलकर यांचे. घ्यावे लागते असेच म्हणतो. मार्च १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी करार झाला तो त्यांच्या हातून. एप्रिलात सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गाच्या खाडीत शिरले, आणि आंग्र्यांचे आरमार खाडीतच जळाले. हुकूम पुण्याचा, हात सरसुभेदाराचा. देवगड तालुक्यातल्या त्या किल्ल्यावर सहली नेताना आम्ही मुलांना भुयार आणि तट दाखवतो. करारावरचे नाव सांगत नाही. पद्मदुर्गाच्या आरमाराला गल्ला पोचला नाही म्हणून एका सुभेदाराला देशद्रोहाचा संशय सोसावा लागला, आणि ऐंशी वर्षांनी सबंध आरमार जाळण्याच्या कामी हात लावणाऱ्या सरसुभेदाराला कोणी तसे पत्र लिहिले नाही.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळी मामलती मक्त्याने जाऊ लागल्या. जो जास्त बोली बोलेल त्याचा महाल. चारशे होनांच्या पगारी चाकराची कल्पना तेथे संपली. इंग्रजी अमलात कलेक्टर आला, आणि ‘सुभेदार’ हा शब्द पलटणीत गेला. बडोदा संस्थानात जिल्ह्याच्या मुख्याला ‘सुभा’ म्हणत राहिले, पण एरवी प्रांताचा अधिपती एका तुकडीचा देशी अंमलदार होऊन बसला. शब्दांच्या नशिबी असे दिवस येतात. पण हाच उतरलेला शब्द मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याच्या सकपाळांच्या घरी आला तेव्हा त्याचे मोल पुन्हा चढले: रामजी सकपाळ पलटणीत सुभेदार झाले, आणि त्यांच्या चौदाव्या अपत्याने, भीमराव आंबेडकरांनी, पुढे ज्या संविधानाचा मसुदा घडवला, त्यातच आजच्या राज्यपालाचे पद येते. राज्यपाल हा सुभेदाराचा वारस नव्हे. तो ना वसूल करतो ना बैल वाटतो. वारस शोधायचा तर तो ओरोसला, त्या फलकाखालच्या खुर्चीत शोधावा लागेल.

जुन्या इनामपत्रांत एक शब्दप्रयोग येतो. सनदेचा मायना एका माणसाला नसतो. ‘देशाधिकारी व लेखक, वर्तमान व भावी’ अशांना असतो. देशाधिकारी म्हणजे सुभेदार, लेखक म्हणजे कारकून. फारसी वळणाच्या कागदांत हेच ‘हाल व इस्तकबाल’. आज खुर्चीत असलेला आणि उद्या येणारा, दोघांनीही हा कागद पाळावा. माजी अधिकाऱ्याला या मायन्यात जागा नाही. जो गेला त्याला कागद काही सांगत नाही. आमचा धंदा नेमका त्या तिसऱ्याशी, ‘भूत’ अधिकाऱ्याशी, पडला.

गेल्या काही वर्षांत आम्ही एम.ए.च्या वर्गाला एक स्वाध्याय देतो: जिवाजी विनायकांच्या वतीने महाराजांच्या पत्राला उत्तर लिहा. बहुतेक उत्तरे विनवणीची येतात, काही बाणेदार, एकदोन आजच्या वादातली. भाषा शिवकालीन करण्याच्या नादात ‘जे’ आणि ‘ऐसीजे’ यांचा पाऊस पडतो. एका वर्षी मालवणकडच्या एका मुलीने अर्ध्या पानाचे उत्तर दिले. त्यात क्षमा नव्हती, खुलासा नव्हता. कोणत्या महालातून किती खंडी भात निघाले, ते कोणत्या बंदरात कोणत्या गलबतावर चढले, रोख किती लारी सोबत दिली, आणि मागे सुभ्यात बियाण्याला काय उरले, एवढी याद. खाली तारीख. आम्ही तिला वर्गातले सर्वाधिक गुण दिले. सोबतच्या परीक्षकांनी शेरा मारला, की यात वाङ्मयीन गुण दिसत नाहीत, आणि बियाण्याची ओळ अनावश्यक आहे.